वाट सापडला नाही

२००७ च्या मे महिन्यात, लेकीच्या, तनूच्या, हाफ-टर्मच्या सुट्टीत, आम्ही ब्रिस्टलहून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर गेलो. घाई कसलीच नव्हती. भाड्याची गाडी घ्यायची, समुद्राच्या कडेकडेनं जायचं, पडक्या भिंती दिसल्या की उतरायचं, भूक लागली की जेवायचं. दही घुसळून मीठ घातलेलं आयरान पहिल्यांदा प्यायला तेव्हा शार्दूल, माझा नवरा, ग्लास खाली ठेवायलाच तयार नव्हता.

"अरुणा, अगं हे तर आपलं ताक!"

"मला पण दे. माझा तहान लागला," तनू म्हणाली.

"मला तहान लागली," शार्दूलनं सुधारलं.

तनू सात वर्षांची, ब्रिस्टलमध्येच जन्मलेली. शनिवारच्या मराठी वर्गाला जायची तरी तिच्या बोलण्यात 'तो'चं 'ती' आणि 'ती'चं 'तो' कायम होत असे. हाक मारली की बाबासारखं "आलो!" म्हणून ओरडायची. शार्दूल दर वेळी सुधारायचा. मी सोडून द्यायचे.

त्या दुपारी आम्ही एका लहानशा गावात थांबलो. गाव म्हणजे चार घरं, तुतीचं झाड आणि झाडाखाली एक म्हातारी. ती उलट्या तव्यावर पालक-चीज भरलेल्या पातळ पोळ्या भाजत होती. मागच्या टेकडीवर जुनं थिएटर होतं, दगडी पायऱ्यांचं, अर्धवर्तुळाकार. शार्दूल सावलीत बसून राहिला. तनू आणि मी वर गेलो.

माझं काम विमानाच्या पंखांभोवतीचा आवाज मोजण्याचं. आवाज लांबवर नेणाऱ्या अशा जागा मला आवडतात. तनूला मी खाली रंगमंचाच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः सगळ्यात वरच्या ओळीत जाऊन बसले. दगड तापलेले होते, फटींतून उगवलेल्या झुडपांना ओव्यासारखा वास येत होता.

"कुजबूज," मी खूण केली.

"आई, तू मुंगी दिसतो," माझ्या कानाशी आलं. मी हसले.

मग ती पायऱ्यांखालच्या कमानीत शिरली. तिथून एक बोगदा आत जात होता. मी उभी राहिले.

"तनू, बाहेर ये."

काहीच नाही. वारासुद्धा पडला होता.

"तनू!"

"आले, आई."

ती बाहेर आली. मी खाली उतरून तिचा हात धरला. भर उन्हात तो हात माठाच्या पाण्यासारखा गार होता.

खाली शार्दूलनं पोळ्या, ऑलिव्ह, भाजलेला मासा मागवून ठेवला होता. तनू बसली आणि ऑलिव्ह खाऊ लागली. घरी ती ऑलिव्ह थुंकून टाकायची.

"पोळी किती खुसखुशीत झाली आहे," ती म्हणाली. "बाबा, पूर्वी समुद्र या झाडापर्यंत यायचा. आता फार लांब गेला."

शार्दूलचा चेहरा उजळला. "ऐकलंस? एक चूक नाही!"

म्हातारी नवी पोळी घेऊन आली. तिनं तनूकडे पाहिलं. पोळी हातातच राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं टेकडीकडे बोट केलं, जमिनीपासून लहान मुलाच्या उंचीइतका हात धरला आणि काहीतरी विचारलं. तुर्की येण्याची गरज नव्हती.

मी शार्दूलला बाजूला नेलं. "ही आपली तनू नाही."

"काय बोलतेस? तुला ऊन लागलंय."

"मी वर जाऊन येते. तू हिला सोडून हलू नकोस."

"अरुणा, प्लीज. पोरीसमोर काय हे?"

टेबलाशी ती आमच्याकडेच बघत होती. "जा तू, आई," ती समजूतदारपणे म्हणाली. "मी बाबांजवळ बसते."

त्या वाक्यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. खऱ्या तनूला घेतल्याशिवाय मी ती टेकडी उतरणार नव्हते.

मी रंगमंचाच्या मधोमध उभी राहिले आणि हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. सूर्य एका बाजूला कलला, पायऱ्यांच्या सावल्या माझ्या पायांपर्यंत आल्या, घसा फाटला. मी थांबले नाही. आवाज उरला नाही तेव्हा कमानीत वाकले आणि नुसत्या श्वासानं तिचं नाव घेत राहिले.

आत ओल होती. समुद्राचा वास होता.

मग अगदी लांबून आलं, "आई?"

"बोल, राजा. बोलत राहा."

"आई, वाट सापडला नाही."

मी अंधारात शिरले.

गुडघे खरचटले. छत खाली येत गेलं.

हात पुढे करून सरपटत राहिले.

माझ्या बोटांना एक हात लागला. गरम, चिकट, वाळू लागलेला.

तो मी सोडला नाही. तिला ओढत, कुशीत दाबत बाहेर आणलं. ती हुंदके देत होती आणि "मी घाबरली, मी घाबरला," दोन्ही म्हणत होती. टेकडी उतरताना मागून हाक आली, "तनू!" माझीच हाक, न फाटलेल्या आवाजातली. उघड्या थिएटरात प्रतिध्वनी इतका वेळ टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. मी वळले नाही.

शार्दूल टेबलाशी एकटाच होता.

"आलात? किती वेळ लावलात दोघींनी!"

"दोघींनी?"

"मग? तनू तुझ्याबरोबरच तर गेली."

त्याच्या समोरच्या बशीत ऑलिव्हच्या बिया होत्या. म्हातारीनं तनूला पाहिलं, खळखळून हसली आणि तिच्या हातात गरम पोळी दिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ती झाडाच्या पलीकडे जाऊन बसली.

ब्रिस्टलला सगळं पूर्ववत झालं. शाळा, ऑफिस, पाऊस. माझा घसा आश्चर्य वाटावं इतक्या लवकर बरा झाला. तनू मात्र केस विंचरायला बाबाकडे जाऊ लागली. माझ्यासमोर ती कमी बोलायची. प्रवासाचा शीण, मी म्हणायचे.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी पोहे करत होते. ती मागच्या दाराशी उभी होती, काचेला कान लावून.

"काय ऐकतेस?"

"आई हाक मारतो," ती म्हणाली. "थांबतच नाही."

मी गॅस बंद केला, तिच्याजवळ गेले, खाली बसले. "अगं, मी इथेच आहे."

तनूनं माझ्याकडे पाहिलं. मराठी मंडळातल्या एखाद्या अनोळखी मावशीशी बोलावं तशी ती हळू, आदबीनं म्हणाली,

"तुम्ही नाही."