शाजलीच्या बोटीची शिडी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ही घडलेली गोष्ट आहे. अलेक्झांड्रियाच्या पूर्व बंदरात, गेल्या सप्टेंबरात, शुक्रवारी. तीही भर दुपारी.

शाजली तिथे सहलीची बोट चालवतो. माणसं मोजली की नजर लागते, ही त्याच्या आईची शिकवण. म्हणून पोहण्यासाठी बोट थांबवली की तो डोकी मोजायचा नाही, चपला बघायचा. वर आलेला माणूस आपल्या चपला घालायचा. एकही जोड उरला नाही की नांगर वर!

जुलैत त्याच्याच गल्लीतली दहा वर्षांची शुरूक बोटीत चढली.

अनवाणी...

जोड उरला नाही. नांगर वर.

दोन दिवसांनी तिचं प्रेत खडकांत सापडलं. शाजलीने सगळ्यांना सांगितलं, "माझ्या बोटीवर आलीच नव्हती."

त्या शुक्रवारी तिची आई इन्शिराह बोटीवर आली. थेट शिडीजवळ बसली.

"शुरूकच्या आई, इथे ऊन आहे हो. आत बसा."

"पोळू दे, भाऊ."

सगळे पोहून वर आले. एकही जोड उरला नव्हता. शाजलीने शिडी ओढली...

हलेना.

पायरीवर कुणी उभं असावं, तशी जड. खाली पाण्यात कुणीच नव्हतं.

एक पायरी करकरली... मग दुसरी... तिसरी...

फळीवर ओली पावलं उमटली. लहान. इन्शिराहच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली.

आत गाणी चालू होती. लोक कलिंगड खात होते.

इन्शिराह पावलांकडे बघत म्हणाली, "उंडारायला जाऊ नये म्हणून त्या दिवशी मी तिच्या चपला लपवल्या होत्या. म्हटलं, अनवाणी कुठे जातेय!"

शाजली पुन्हा शिडी ओढू लागला.

"खरं सांगा, भाऊ. आली होती?"

सांगून टाकावं... एकच तर शब्द.

"नाही, बाई. अल्लाची शप्पथ!"

मेल्याने शप्पथसुद्धा खाल्ली.

पावलं जागच्या जागी वळली. आता बोटं शाजलीकडे होती.

इन्शिराह दर शुक्रवारी येते. तोच प्रश्न विचारते. तो तेच उत्तर देतो. आणि दर वेळी शिडी ओढायला जास्त जोर लागतो.

परवा तिघांनी मिळून ओढली...

तरी वर आली नाही.