बंद स्टेशनातला धूर

"झयान, खाली बस. पडद्यावर इंजिनाऐवजी तुझे कान दिसतायत," मागच्या रांगेतून शेजारच्या घरातली स्वप्ना म्हणाली.

"इंजिन आहेच कुठे? नुसतं गवत दाखवतायत," नऊ वर्षांचा झयान कुरकुरला.

खोटं नव्हतं ते. इंग्लंडातल्या आपल्या गावची रेल्वे कशी बंद पडली, रूळ कसे उखडले, त्यावर गवत कसं माजलं, हे कंपनीचे व्हिटलॉकसाहेब एकेका स्लाइडवर थांबून सांगत होते. आखाती युद्धामुळे शाळा बंद होत्या, खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावलेल्या. म्हणून त्या गुरुवारी संध्याकाळी सौदीतल्या यान्बूच्या कॉलनीतली माणसं हॉलमध्ये स्लाइड बघायला जमली होती.

मग हेजाज रेल्वेच्या स्लाइड सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धापासून वाळवंटात मोडून पडलेली लाइन. तिच्या एका ओसाड स्टेशनाची मोजमापं घ्यायला साहेब सुट्टीत तिथे मुक्काम करत. सोबत सुपरवायझर श्रीपादकाका, आणि स्वयंपाकाला राजापूरचे बाबाजीकाका. पंधरवड्यापूर्वी रेडिओवर युद्धाची बातमी आली आणि सगळे दोन गाड्यांतून घाईने परतले.

"हा शेवटचा फोटो," साहेब म्हणाले. "श्रीपादची पिकअप पुढे गेली होती. मी टेकडीवर जीप थांबवली. बघा, माणसाची खूणसुद्धा नाही."

झयानच्या बहिणीने, रुकय्याने, हात वर केला. "अंकल, मग धूर कोणाचा?"

स्टेशनामागून धुराची बारीक रेघ सरळ वर गेली होती.

"छान आलाय ना?" साहेब खूश झाले.

"बाबाजीकाका कोणाच्या गाडीत होते?"

"श्रीपादच्या," साहेब म्हणाले.

"साहेबांच्या," त्याच वेळी श्रीपादकाका म्हणाले.

हॉलमधल्या सगळ्या माना दोघांकडे वळल्या.

श्रीपादकाकांनी स्वतःला पटकन सावरलं. "पळाला असेल. शनिवारी ऑफिस उघडलं की कफीलला, त्याच्या अरब मालकाला, कळवतो, माणूस पळून गेला म्हणून."

"आणि चूल पेटती ठेवून पळाला?" रुकय्याचे अब्बा, नसरुद्दीन, उठून उभे राहिले. "साहेब, प्रवासाच्या परवानगीचं पत्र तुमच्याकडे आहे, जीपही. मी येतो सोबत."

"चेकपोस्ट आहेत, युद्ध आहे. पळालेल्या माणसासाठी एवढं?" साहेबांनी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली.

मुलं व्हरांड्यात आली.

"तक्रार झाली तर?" झयानने विचारलं.

"तर काका जिवंत सापडले तरी पोलीस त्यांना आत टाकतील," रुकय्या म्हणाली. "त्यांचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, श्रीपादकाकांकडे आहे. आणि तिथे पाणी एकच पिंप." तिने दारातून आत डोकावून पाहिलं. "साहेबांना काय आवडतं?"

"गंज," झयान म्हणाला.

स्वप्नाला हसू आलं. रुकय्या मात्र हसली नाही. ती सरळ आत गेली.

"अंकल, त्या फोटोत दाराशी काहीतरी पिवळं चमकतंय. इंजिनावरची पितळी पाटी असेल का?"

साहेबांनी चष्मा लावला. "कुठे?"

"जवळ गेलं की दाखवते."

"पहाटे निघू," साहेब म्हणाले.

शुक्रवारी पहाटे तिन्ही मुलं आणि अब्बा जीपच्या मागच्या सीटवर कोंबून बसले. चेकपोस्टवर साहेबांचं पत्र बघून शिपायाने हात हलवला.

बाबाजीकाका स्टेशनाच्या भिंतीच्या सावलीत बसले होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. पिंपाच्या तळाशी बोटभर तांबडं पाणी होतं; ते लुंगीतून गाळून पीत होते. जीप बघताच ते भिंतीला धरून उठले आणि शर्टाची बटणं लावायला लागले.

"साहेब, सामानाला कोणी हात लावला नाही."

"गुड, गुड," म्हणत साहेब त्यांच्या शेजारून दाराकडे गेले.

अब्बांनी पाण्याची बाटली बाबाजीकाकांच्या तोंडाला लावली. "घोट घोट घ्या."

"काका, चालत का नाही निघालात?" स्वप्नाने विचारलं.

"इकामा नाय, पोरी. आणि मला वाटलं, गाडीत जागा नसेल, दुसऱ्या खेपेला नेतील." ते थांबले. "त्या दिवशी मी सगळ्यांचा चहा टाकला होता. बाहेर येऊन बघतो तर गाड्या नायत."

रुकय्याला पडद्यावरची ती धुराची रेघ आठवली. तिने मान फिरवली.

साहेब हात झटकत बाहेर आले. "पाटी कुठे आहे?"

"नव्हतीच, अंकल."

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग ते जीपमध्ये जाऊन बसले.

कॉलनीत गाडी शिरली तशी माणसं धावत आली. बाबाजीकाकांना उचलून सावलीत नेलं. "शाब्बास पोरांनो," जो तो म्हणत होता. श्रीपादकाका तर सगळ्यात पुढे. "रुकय्या, नाव काढलंस हो. मी म्हणतच होतो, माणूस तिथेच असणार."

अब्बांनी त्यांच्यापुढे तळवा धरला. "इकामा."

सगळ्यांच्या देखत श्रीपादकाकांना तो खिशातून काढून द्यावा लागला. अब्बांनी तो बाबाजीकाकांच्या हातात ठेवून त्यांची बोटं मिटवली. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, असं पळालेलं आता कोणी उरलं नव्हतं.

साहेबांनीही जाता जाता रुकय्याच्या डोक्यावर थोपटलं. "हुशार मुलगी आहेस," ते म्हणाले. "पाटी असती तर मात्र आजचा दिवस सार्थकी लागला असता."