बंद केलेली पायरी

यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही. वृषाली माझी नात. तिनं सांगितलं तसं मांडतो.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार, दुपारचे अडीच. पुणतांब्यातल्या आमच्या घराची माडी.

वृषाली घरूनच काम करते. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. तिचा गट तसा एक कंपायलर बांधतो. आधी जुन्या कंपायलरनं नवा बांधायचा, मग त्या नव्यानं सोबतची अवजारं, म्हणजे मदतीचे छोटे प्रोग्राम, बांधायची. कोणती पायरी कशावर चालवायची, हे एका फाइलमध्ये लिहितात. ती फाइल वृषालीकडं.

कोपरगावचा सम्राट तिच्याच गटात. चुका शोधणारं एक अवजार त्यानं वर्षभर खपून केलं होतं.

वृषालीनं त्याची पायरी चुकून जुन्या कंपायलरला जोडली. बांधणी तिथंच मोडली.

चूक तिला त्याच संध्याकाळी कळली. पण मीटिंगमध्ये गटाचे प्रमुख रविराज साहेब तापलेले. ती बोलून गेली, "सम्राटचं अवजारच कच्चं आहे, सर."

मग एका ओळीत तिनं ती पायरी बंद केली. साहेबांनी सम्राटला त्या कामावरून काढलं.

त्याचा फोन आला. हसतच म्हणाला, "ताई, एकदा तुमची फाइल बघा की. माझं काय चुकलंय असं वाटत न्हाई मला."

"बघते," ती म्हणाली.

फाइल तिनं उघडलीसुद्धा नाही.

बारा दिवसांनी मोटारसायकलच्या अपघातात सम्राट गेला.

वृषालीनं चार दिवस रजा घेतली. त्या मंगळवारी ती परत कामाला बसली. बांधणी सुरू केली. पडद्यावर पायऱ्या एकेक करून सरकत होत्या.

शेजारची पिठाची गिरणी एकदम थांबली...

रस्त्यावरचा आवाज थांबला...

आणि पडद्यावर ओळ उमटली.

सम्राटच्या अवजाराची.

बंद केलेली पायरी चालत होती. चालली, आणि पार पडली. एकही चूक नाही.

तिनं फाइल उघडली. पायरी चालू केलेली. नव्या कंपायलरला जोडलेली. पहिल्यापासून असायला हवी होती तशी.

तेवढ्यात रविराज साहेबांचा फोन. "अगं, ते अवजार दुरुस्त केलंस? आम्ही तर आशाच सोडली होती. कमाल आहेस!"

तिच्या तोंडून निघालं, "हो सर."

पाठीमागं कुणीतरी हसलं... हलकंच.

तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

तिनं नोंद काढली. कोणती ओळ कुणी बदलली, कधी बदलली, सगळं तिथं राहतं.

नाव... वृषालीचं.

वेळ... रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

रविवारी लॅपटॉप माडीत होता. माडीला कुलूप होतं. किल्ली माझ्या कनवटीला होती.

आणि वृषाली कोपरगावात, सम्राटच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला. त्याची आई लंकाबाई तिचा हात धरून विचारत होती, "बाई, खरं सांग. माझ्या लेकाच्या कामात खोट हुती का गं? लई मनाला लावून घेतल्तं त्यानं."

वृषालीनं हळूच हात सोडवून घेतला होता.

साहेबांना तिनं त्या मंगळवारीच खरं सांगितलं. अवजारावर सम्राटचं नाव परत आलं. लंकाबाईकडं मात्र तिचं पाऊल अजून वळत नाही.

परवा मी म्हणालो, "चल, मी येतो संगं."

ती म्हणाली, "आजोबा, त्यानं स्वतःचं नाव का नाही लिहिलं? माझं का लिहिलं?"