तिओला वाहिलेला अर्धा दगड

"बाई, तीनला सभा आहे. माझा बोगदा काढून घेणार," कासिमिरो कोल्के म्हणाला.

ओरुरोत खाणींच्या भानगडी सोडवणाऱ्या एदुविना चोकेने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. खाली कासिमिरोचा दगड होता; त्यात प्रयोगशाळेला भरपूर कथील दिसलं होतं. सहकारी खाणीने सुरुंग लावले, हाती नुसते धोंडे आले. आता सगळे म्हणत होते, यानेच दगडात कथील भरलं.

"दगड कुणाकुणाच्या हातून गेला?"

"फोर्तुनाता मावशीने फोडला. सेवेरोने प्रयोगशाळेत पोचवला, माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता तो. अर्धा तुकडा मी रिवाजाप्रमाणे खाणीच्या धन्याला, तिओच्या मूर्तीला वाहिला."

"तो आण. आधी त्याची परवानगी माग."

फोर्तुनाता हातोडीसकट आली. "मी ढिगाऱ्यातलं कथील निवडते, बाई. गुडघे गेलेत, वाळू चाळायला नदीकडे फिरकून वर्षं झाली."

सेवेरो कोकाची पानं चघळत म्हणाला, "मला कथील कुठलं? सासूबाई नदीची वाळू चाळतात, तेवढंच. अन् बोगदा माझ्या शेजारचा. रिकामा झाला तर मलाच द्या, असा अर्ज दिलाय."

"मावशीच असणार," एदुविनाचा जीपवाला लुसियो कुजबुजला. "कथील निवडणं तिचंच काम."

"तुझं काम जीप चालवणं. तेच कर."

कासिमिरो तुकडा घेऊन आला. दोन्ही अर्धे चपखल जुळले. एदुविनाने दुसऱ्याचाही पातळ काप काचेवर घासून पाहिला, मग सर्वांना बोलावलं.

"तिओच्या अर्ध्यात कथील नाही. प्रयोगशाळेतल्या अर्ध्यात आहे, पण भेगेत, गोंदात चिकटलेलं. कण गोल. खडकातून फोडलेल्या कथलाला धार असते. गोल करते ती नदी. मावशीकडे गोल कण येणार कुठून?"

सेवेरोचं चघळणं थांबलं.

"दोन्ही अर्ध्यांत काळे ठिपके आहेत. इथे सगळे कथील शोधतात, म्हणून उजेड कापाखालून सोडतात. मी वरून सोडला. कडा रक्तासारख्या लाल झाल्या. चांदीचं खनिज आहे ते. सेवेरो, तुझ्या बोगद्यातून चांदीची शीर कासिमिरोकडे वळते, हे तुला ठाऊक होतं. याला खोटेपणाचा डाग लागला की बोगदा तुझा. फक्त तिओसमोरचा तुकडा उचलायला हवा होतास."

"धन्याचं कोण उचलेल, बाई?" सेवेरो हळूच म्हणाला.

कासिमिरोला राग यायला हवा होता, पण त्याला रडूच कोसळलं.

"सभेत तूच उठून सांग," तो सेवेरोला म्हणाला. "मी सांगितलं तर पोर घरी विचारेल, बाबा, तुम्ही माझ्या धर्मपित्याचं नाव का घेतलंत? मी तिला काय सांगू?"