आजीच्या वहीतला पहिला प्रश्न

"गेल्या! दोन्ही गेल्या!" ट्रेलरखालून ओटोचा आवाज आला.

सिल्वीने धाकट्या भावाला पायाला धरून बाहेर ओढलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल! आजोबांनी ऐकलं तर संपलं सगळं!"

आर्वो आजोबा पलीकडे लाकडी टेबलावर बसून वेलदोड्याचा निसू पाव कॉफीत बुडवून खात होते. त्यांनी मान वर केली नाही. हेल्मी आजी गेल्यापासून ते असेच खात. समोर काय चाललंय, याकडे त्यांचं लक्षच नसे.

ट्रेलर खरं तर आजीला हवा होता. चाकांवरचं लहानसं घर, त्यात दोन पलंग, एक चूल, आणि ते ट्रकमागे जोडून तळ्याकाठी जायचं. दहा वर्षं ती एका वहीत त्याबद्दलचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहीत होती. पैसे साठले, आणि त्याच वर्षी आजी गेली. आजोबांनी तरीही ट्रेलर घेतला. वही मात्र त्यांनी ट्रेलरच्या कपाटात टाकली. ती त्यांनी एकदाही उघडली नव्हती; सिल्वीने मात्र चोरून सगळी वाचली होती.

निघताना ते म्हणाले होते, "एक जरी गडबड झाली, तरी सोमवारी हा डबा विकून टाकणार. मला एकट्याला जमणारं काम नाही हे."

आणि पहिल्याच सकाळी चाकांखाली लावायच्या दोन पाचरी गायब! चांगल्या जाडजूड लाकडाच्या, पिवळ्या रंगाच्या, उचलायला लोखंडी कडी आणि दोरी लावलेल्या. ट्रेलर विकणाऱ्याने दोनदा बजावलं होतं, "यांच्याशिवाय ट्रकचा जोड सोडू नका!" काल संध्याकाळी तळ्याकाठच्या कॅम्पवर पोचायला उशीर झाला म्हणून आजोबांनी ट्रक तसाच जोडलेला ठेवला होता.

"अस्वलानं नेल्या असतील," ओटो म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता.

"हो ना, अस्वलाकडेही ट्रेलर असेल!" मागून कुणीतरी हसलं. शेजारच्या जागेवरची रेनी होती ती. दर उन्हाळ्यात ती आजीबरोबर इथे यायची. "पहिल्यांदाच आलात ना? कळतं लगेच. तुमची पायरी उलटी लावलीय."

"पायरी राहू दे. कुणाला सांगू नकोस, पण आमच्या पाचरी चोरीला गेल्यात," सिल्वी म्हणाली. बोलता बोलता तिची नजर रेनीच्या ट्रेलरच्या चाकाकडे गेली. चाकाखाली पिवळी पाचर होती! तसाच रंग, तशीच दोरी!

"चोर सापडला!" ओटो ओरडला.

"कोण चोर? माझी आजी?" रेनीचे कान लाल झाले. "ये, नीट बघ! हात नाही लावायचा, नुसतं बघायचं!"

तिघंही गवतावर पालथी झाली. पाचरीच्या बाजूला तापल्या लोखंडाने कोरलेलं अक्षर होतं. रेनीच्या आडनावाचं. जुनं, काळं पडलेलं.

"सॉरी," सिल्वी कशीबशी म्हणाली.

"काय चाललंय गं तिथे खाली?" रेनीची आजी, लब्रेक काकू, दारात आल्या. हातात पॅनकेक उलटायचं उलथणं होतं. "आणि ए पोरी, काल तुमच्या शेकोटीत काय जाळलंत? रंगाचा इतका उग्र वास, मला खिडकी लावून घ्यावी लागली!"

रंगाचा वास?

सिल्वी ताडकन उठली. ती धावत शेकोटीच्या लोखंडी कड्याशी गेली आणि काठीने राख उकरू लागली. कोळसा, कोळसा, आणि मग काहीतरी खणकलं. लोखंडी कडी! थोड्या बाजूला दुसरी!

तिघंही राखेवर वाकली.

"जाळल्या?" रेनीचा विश्वास बसेना. "पाचरी जाळल्या? कुणी?"

ओटोचा चेहरा पांढराफटक पडला. "मी गळ शोधत होतो. खालचा कप्पा रिकामा केला. पाचरी इथे ठेवल्या, कड्याजवळ. परत ठेवायच्या राहिल्या."

सिल्वीला कालची संध्याकाळ आठवली. अंधुक उजेड होता. इथली रीतच होती, जाणारा माणूस उरलेली लाकडं पुढच्यासाठी शेकोटीजवळ ठेवून जातो. आजोबांनी तिथली सगळी लाकडं उचलून आगीत टाकली होती आणि म्हणाले होते, "बघा, आधीचे लोक किती भले!"

म्हणजे चोर कुणीच नव्हता! आपल्याच आजोबांनी...

कर्र, कर्र, कर्र!

आवाज ट्रेलरच्या पुढच्या टोकाकडून येत होता. आजोबा ट्रेलरचं पुढचं टोक उचलणाऱ्या जॅकचा दांडा फिरवत होते! दिव्यांची वायर काढलेली, ट्रेलर ट्रकला बांधून ठेवणाऱ्या दोन्ही साखळ्या सुटून खाली लोंबत होत्या.

"आजोबा, थांबा!" सिल्वी धावली. "काय करताय?"

"जोड सोडतोय. गावातून दूध आणि बर्फ आणायचाय. अख्खं घर घेऊन दुकानात जाऊ का?"

सिल्वी क्षणभर घुटमळली. सांगितलं तर गडबड झाली हे कळणार, ट्रेलर जाणार. तिने मागे पाहिलं. ट्रेलरच्या मागे जमीन उतरत उतरत थेट तळ्यापर्यंत गेली होती. पाण्याच्या कडेला दोन लहान मुलं बादल्या घेऊन खेळत होती.

"पाचरी नाहीत, आजोबा! चाकांखाली काहीच नाही!"

"सपाट तर आहे जागा. किती घाबरता गं तुम्ही! सर बाजूला."

"आजीच्या वहीत लिहिलंय! ओटो, वही आण, पळ!"

आजीचं नाव निघताच आजोबांनी तोंड फिरवलं. ते पुन्हा दांडा फिरवू लागले. कर्र, कर्र.

सिल्वीला वहीतली ओळ पाठ होती. 'साखळ्या सगळ्यात शेवटी काढायच्या. चाकं अडकवल्यावरच.' ती गुपचूप पलीकडून वाकली. एक साखळी उचलली, फुलीसारखी खालून घेतली, ट्रकच्या कडीत अडकवली. मग दुसरी. आजोबांचं लक्ष नव्हतं.

कर्र. कर्र. खट्!

जोड ट्रकमागच्या लोखंडी गोळ्यावरून निसटला आणि ट्रेलर मागे सरकला!

खण्णकन दोन्ही साखळ्या ताणल्या. जॅकचा पाय मातीत चर पाडत गेला आणि वाकून थांबला. आत ताटल्या धडाधड कोसळल्या. आणि त्या आवाजातून एक किंकाळी आली.

"ओटो!" सिल्वी किंचाळली. ओटो आत होता! तिनेच त्याला आत पाठवलं होतं!

रेनीने तळ्याकडे तोंड करून आरोळी ठोकली, "पळा! बाजूला पळा!" मुलं बादल्या टाकून पळाली. लब्रेक काकू दोन जादा पाचरी घेऊन धावत आल्या आणि बाजूने त्यांनी त्या चाकांमागे सारल्या. मग पायाने ठोकून घट्ट केल्या.

दार उघडलं. ओटो बाहेर आला. केसांत पीठ, छातीशी वही. "मी ठीक आहे. पण साखर सगळी सांडली."

आजोबा खाली मातीत बसले. ते साखळ्यांकडे बघत होते.

"मी काढल्या होत्या या," अखेर ते म्हणाले.

"मी परत लावल्या," सिल्वी म्हणाली. "तुम्ही ऐकत नव्हता म्हणून." आणि तिने काळ्या पडलेल्या दोन कड्या त्यांच्या हातावर ठेवल्या. "पाचरी काल शेकोटीत गेल्या, आजोबा."

"मी टाकल्या," ते पुटपुटले.

"मी ठेवल्या होत्या तिथे," ओटो रडू लागला. "ट्रेलर विकू नका ना!"

आजोबांनी त्याला जवळ ओढून घेतलं. कितीतरी वेळ सोडलं नाही.

"विकायचं कशाला?" लब्रेक काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "माझे यजमान पहिल्या वर्षी पाण्याची नळी न काढताच निघाले होते. नळ उपटून गावापर्यंत नेला! पण वीस उन्हाळे आलो आम्ही. आणि ही पोरगी पाहा! साखळ्या शेवटी काढायच्या, हे इथल्या अर्ध्या लोकांना अजून समजलेलं नाही. तिने आज तुमचा नातू वाचवला."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी ओटोच्या हातातली वही घेतली. वरचं पीठ पुसलं आणि पहिलं पान उघडलं.

आजीचं तिरकं अक्षर. पहिला प्रश्न: 'चाकांना पाचरी कोण लावणार?' त्याखाली उत्तर: 'मी. आर्वोला आठवणार नाही.'

आजोबांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे पुसावे लागले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. आजीचं उत्तर त्यांनी खोडलं नाही. त्याच्या शेजारी नीट अक्षरात लिहिलं: 'सिल्वी.'

"दुसरा प्रश्न वाच गं," वही तिच्याकडे देत ते म्हणाले. "मोठ्याने वाच. मी ऐकतोय."