शिरासेच्या चौकटीत कागामिओका

कागामिओका किल्ल्याच्या तिकीटघरात त्या रविवारी ओल्या छत्र्यांची दाटी झाली होती. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस होता, इतका बारीक की तळ्यावर पडतोय की तळ्यातून वर येतोय तेच कळू नये. सायो काजिता खरं तर किल्ल्यासाठी आलीच नव्हती. तिला बोलावणारी मैत्रीण ऐनवेळी "ताप आलाय गं" म्हणून घरी बसली होती आणि सायो पाऊस ओसरायची वाट बघत शिक्क्याच्या टेबलापाशी उभी होती.

टेबलावर एक जाड वही उघडी होती. देशातल्या प्रत्येक नामवंत किल्ल्याला तिच्यात एकेक चौकट. किल्ला चढून उतरलं की तिथला शिक्का त्या चौकटीत मारायचा. वहीचा मालक, एक उंच, किडकिडीत तरुण, चष्म्यावरचं पाणी पुसत होता. मागे रांग वाढत होती. कुणी आजोबा मुद्दाम खाकरले. सायो गिफूतल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दिवसभर कार्डं पुढे यायची आणि ती शिक्के मारायची. समोर उघडा कागद, शेजारी शिक्का... डोक्याला विचारायला हात थांबलाच नाही. ठप्प!

"अहो —" तो एवढंच म्हणाला.

सायोनं खाली पाहिलं. शिक्का सुरेख उठला होता. फक्त कागामिओकाचा किल्ला शिरासे किल्ल्याच्या चौकटीत जाऊन बसला होता.

"अगं बाई! माफ करा... खरंच माफ करा!" ती कमरेत वाकवाकून म्हणत राहिली.

"असू दे, असू दे. काही झालं नाही," तो म्हणाला. चेहरा मात्र भूल न देता दाढ काढल्यासारखा झाला होता.

"मी नवी वही आणून देते."

"वही आणाल हो. पण सात वर्षांचे किल्ले पुन्हा चढायला कोण येणार? तुम्ही?" आणि मग, कसा कोण जाणे, तो हसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसत होते. सायोला उगीचच गालांना ऊन लागल्यासारखं वाटलं.

"एक उपाय आहे," तो म्हणाला. "शिरासेचा शिक्का आता कागामिओकाच्या चौकटीत मारायचा. दोघांनी घरं बदलली म्हणायचं. पण तो तुम्हीच मारायचा. गुन्हेगार हजर हवा."

"आणि शिक्षा?"

"एक किल्ला. सश्रम. तिथले जिने फार उभे आहेत."

त्याचं नाव हिसाशी उराबे. नागोयात नकाशे छापणाऱ्या कचेरीत नोकरीला होता. पण शिरासेच्या छपराची कौलं बदलायचं काम निघालं होतं. किल्ला मार्चपर्यंत बंद. म्हणजे चार महिने गाठ पडायचं कारण नाही... सायोनं स्वतःला समजावलं, बरंच झालं. समजूत काही पटली नाही.

आठवड्याच्या आतच त्याचा निरोप आला. "शिरासेच्या सरदारांची चिलखतं इथल्या संग्रहालयात आली आहेत. पूर्वतयारी म्हणून पाहिलेली बरी."

मग पूर्वतयारी फारच कसून सुरू झाली. चिलखतं झाली, तलवारी झाल्या. बर्फाचं ओझं पेलावं म्हणून पाइनच्या फांद्या दोरांनी वर बांधलेली सरदारांची बाग झाली. एकदा बाहुल्यांचा खेळ पाहिला. तीन माणसं मिळून एक बाहुली चालवत होती आणि ती बाहुली रडली तेव्हा सायोलाही आवरेना. शेजारून एक रुमाल पुढे आला. उराबेची नजर रंगमंचावरच होती. तो रुमाल धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा म्हणून आणखी एक रविवार पदरात पडला.

"काय गं, किल्लेदाराचा निरोप का?" दवाखान्यातल्या होत्ताबाई फोन वाजला की डोळे मिचकावायच्या.

"काहीतरीच काय! तसं काही नाहीये."

आणि खरंच तसं काही नव्हतं, हेच तर दुखणं होतं. तो तिला अजून आडनावानं, अदबीचं 'सान' जोडून 'काजितासान' म्हणायचा, ती त्याला 'उराबेसान'. निसरड्या पायऱ्यांवर तो एक पायरी खाली उभा राहून हात पुढे धरायचा — धरायचा, पण बोटांना बोट लागू द्यायचा नाही. बोलायचा ते दगडी तटांबद्दल. मार्च उजाडला, शिक्का बसला, की चूक निस्तरली. मग? मग कुठल्या तोंडानं भेटायचं? सायोला ती कौलं कधीच बसू नयेत असं वाटायचं.

कौलं बसली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी शिरासेच्या वाटेवर उमेच्या झाडांची पांढरी फुलं धुक्यात विरघळत होती. बूट पिशवीत घालून, थंडगार लाकडावर मोज्यांनी चालत दोघं वर चढली. सर्वांत वरच्या खिडकीत वारा होता, खाली दरी होती, आणि त्याची बाही तिच्या बाहीला टेकली होती. तो आता बोलेल... आता...

"इथून पूर्वी तिन्ही खिंडींवर नजर ठेवता यायची," तो म्हणाला.

खाली येऊन सायोनं शिक्का मारला. तो सरळ उठला. उराबेनं शाईवर फुंकर घातली, गरजेपेक्षा कितीतरी वेळ.

"झालं. सुटलात तुम्ही," तो म्हणाला आणि रीतसर वाकला. "फार त्रास दिला."

"छे, मीच..." तीही वाकली. वाकल्यावर डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, एवढं बरं होतं.

स्टेशनवर तिची गाडी या फलाटावर, त्याची पलीकडच्या. त्याच्या गाडीची घोषणा झाली. तो पुलाच्या पायऱ्या चढू लागला.

"उराबेसान!" सायोचा आवाज तिच्याच कानांना परका वाटला. "मला किल्ले आवडत नाहीत!"

दोन आज्या वळून बघू लागल्या. तो थांबला.

"मुळीच आवडत नाहीत. गुडघे दुखतात माझे. तलवारी मला सगळ्या सारख्याच दिसतात. मी... मी तुमच्यासाठी येत होते."

तो हळूहळू खाली आला. पलीकडे त्याची गाडी आली, थांबली, निघून गेली.

"माहीत होतं," तो म्हणाला. "चिलखतांपुढे तुम्ही सात वेळा जांभई दिलीत."

"मोजत होता?"

"मी चिलखतं कुठे बघत होतो..."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?" तिला रडू आणि राग एकदमच आला.

"तुम्ही चूक निस्तरायला येत होता. अशा माणसाला कसं विचारायचं? भिडेपोटी नाही म्हणता येत नाही. म्हटलं, शिक्का होऊन जाऊ दे. मग विचारू."

"शिक्का दुपारीच झाला!"

"हो... धीर झाला नाही." कानांच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला होता.

सायोनं डोळे पुसले. "आता मला नाही म्हणता येतं. विचारा."

त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला.

"सायो... पुढच्या रविवारी... किल्ला नाही, संग्रहालय नाही... नुसती माझ्याबरोबर येशील?"

तेवढ्यात तिची गाडी धडधडत आत आली. दारं उघडली, माणसं चढली, उतरली. तो श्वास रोखून उभा होता. सायो त्याच्याकडे बघत राहिली. नाही म्हणायला ती मोकळी होती, आणि ते मोकळेपण तिनं गाडी सुटेपर्यंत पुरवून पुरवून अनुभवलं. मग फलाट शांत झाल्यावर म्हणाली,

"येईन."