आमच्या हिला चालत नाही

मांजराच्या वाळूची पिशवी काखेत मारून मी काउंटरकडे निघाले, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मांजर पाळलंय?"

"ससे. दोन."

"मग ही वाळू नको. ससे चाटतात ती... पोटात गोळा होतो."

वळून पाहिलं तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा शर्ट, बाहीला ग्रीस, आणि डोळे असे, की पिशवीच काय, सगळं दुकान जागेवर ठेवून दिलं असतं मी! लगेच माझं रडगाणं सुरू केलं. मी ताईकडे राहते, ससे रोज तिच्या सोफ्यामागे शू करतात, आणि आणखी एकदा सोफा ओला झाला तर त्यांना देऊन टाकायचं, असं तिनं बजावलंय. त्यानं शांतपणे एक पसरट, बुटक्या काठाचा ट्रे काढून दिला. आत कागदी गोळ्या टाकायच्या, कडेला गवत ठेवायचं. ससे खाता खाताच उरकतात म्हणे.

"लाकडाचा भुसा टाकला तर?"

"आमच्या हिला नाही चालत. शिंका येतात."

आमच्या हिला... म्हणजे लग्न झालेलं. आमचं नशीबच मेलं असलं! तरी नंबर घेतला. सशांसाठीच हो.

मी ट्रे बाल्कनीत ठेवला, तर ससे तिकडे ढुंकूनही बघेनात. फोन केला. जागा आपण ठरवायची नसते, तो म्हणाला, ते जातात तिथे ट्रे न्यायचा. त्याच्या घरीसुद्धा सगळं हीच ठरवते, तो नुसती मान डोलावतो. मग रोजच काहीतरी विचारायचं निघू लागलं. गवत किती, ट्रे कशानं धुवायचा... आणि जाता जाता, ही काय म्हणते? ही रुसली की पाठ फिरवून बसते. चिडली की पाय आपटते. दिसायला? गोरीपान, आणि खादाड. कशी असेल ही बाई, या विचारानं मला झोप लागेना.

"लग्न झालेल्या माणसाशी रोज सशांच्या शूवर काय बोलतेस गं एवढं?" ताईनं विचारलं.

मी फोन बंद केले. ट्रे सोफ्यामागे नेला आणि खरंच सोफा कोरडा राहू लागला. एकदा तर ताईच जाड्या सशाला मांडीवर घेऊन बसलेली सापडली. ससे राहिले. मला मात्र करमेना.

शेवटी आभाराचं निमित्त करून, मेसेजवर पत्ता मागवून, हिच्यासाठी एक स्कार्फ घेऊन, मी त्याच्या दारात उभी राहिले.

"हा तुमच्या मिसेसना."

"कुणाला?"

"तुमच्या... हिला."

तो वळून टेबलाकडे बघायला लागला. तेवढ्यात टेबलाखालून एक पांढरीशुभ्र सशीण बाहेर आली, माझी चप्पल हुंगली आणि पाठ फिरवून बसली.

हसू आवरेना मला. डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

"म्हणून फोन थांबवले?" त्यानं हळूच विचारलं. "मला वाटलं, कंटाळलात. मी रोज वाट बघत होतो."

"मी तर आज शेवटचं भेटायला आले होते."

"आणि आता?"

"आता... निघवत नाहीये."

तो दारातून बाजूला झाला. "अगं, मग आत ये ना."